एकास बारा

उताराचं प्रमाण एकास बारा असावं लागतं, हे वाक्य मी जितक्या लोकांना सांगितलं आहे, तितक्यांना माझं नावही सांगितलेलं नसेल. एक इंच चढायचं असेल तर बारा इंच लांबी हवी. त्याहून उभा उतार केला, तर चढताना चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याचा दम जातो आणि उतरताना खुर्चीत बसलेल्याचा जीव. यात अवघड काही नाही. सातवीच्या मुलांना मी हे एका तासात शिकवते. मोठ्या माणसांना शिकवायला सात महिने लागले. समोरच्या परसरामजींना ते पटलं, पण फार उशिरा, आणि ज्या कारणानं पटलं ते कारण माझ्या वहीत नव्हतं.

आमचं गाव शहापूरपासून थोडं आत आहे. नाव सांगत नाही, कारण ग्रामपंचायतीच्या सचिवांना वाचनाचा शौक आहे. मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. घरात मी, नवरा भुपेंद्र, सासूबाई आनंदाबाई आणि सासरे सोमाजी. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. घर मामाजींनी स्वतः बांधलेलं आणि त्याचं जोतं तीस इंच उंच. गल्लीतल्या इतर घरांची जोती एक-दीड फुटांची. आमचंच घर टाचा उंचावून उभं असल्यासारखं दिसतं. त्याला कारण आहे. मामाजींचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. इकडे येऊन घर बांधताना त्यांनी मिस्त्र्याला एवढंच सांगितलं होतं, "पाणी आलं तरी उंबरठा ओला नाई झाला पाह्यजे." पाणी काही आलं नाही. दोन वर्षांपूर्वी लकवा आला, उजवी बाजू गेली, आणि ज्या उंचीनं पाणी बाहेर ठेवायचं होतं, तिनं त्यांना आत ठेवलं.

आता मंडईबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी एकेक दिवस मंडई भरते. पाळणे येतात, जिलेबीची दुकानं लागतात, दंडारीचं लोकनाट्य रंगतं, घरं पाहुण्यांनी भरतात. आमच्या मंडईला मामाजींच्या बुडालेल्या गावची वीस-पंचवीस माणसं येत. पुनर्वसनात ती चार दिशांना पांगली. एकत्र भेटायचा दिवस हा एकच. मैदानावरच्या पिंपळाच्या पारावर ती दोन-तीन तास बसत आणि कुणाची विहीर कुठं होती, यावर भांडत. ज्या विहिरींवर आता तीस फूट पाणी आहे, त्या एकमेकींपासून किती पावलांवर होत्या, यावरून मी तिथं माणसं कडकडून भांडताना पाहिली आहेत. वर्षभर अबोल असलेले मामाजी त्या दिवशी घसा बसेपर्यंत बोलत.

लकव्यानंतरच्या पहिल्या मंडईला आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नेलं. चौघांनी चार पाय धरले. त्यातल्या एकानं सकाळीच घेतली होती, त्यामुळे मामाजी पूर्ण वाटभर एका बाजूला कललेले होते. चौकात कोणीतरी विनोद म्हणून "राम नाम सत्य है" म्हटलं. लोक हसले. मामाजींच्या तोंडाची एकच बाजू हलते, त्यामुळे तेही हसले की नाही हे कुणाला कळलं नाही. घरी आल्यावर ते सासूबाईंना म्हणाले, "चौघायनं उचलाचं ते एकदाच. आता तवाच." त्यानंतर ते घराच्या पायऱ्या उतरले नाहीत.

म्हणून मी वही काढली. पुढच्या मंडईच्या आत मामाजींना कुणी न उचलता घराबाहेर पडता आलं पाहिजे, एवढाच प्रकल्प होता. तीस इंच उंची, म्हणजे तीस फूट उतार. अंगण वीस फूट खोल. सरळ उतार मावत नव्हता. मग दारापासून रस्त्याकडे पंधरा फूट, तिथं वळायला पाच फुटांचा सपाट चौरस चबुतरा, आणि तिथून काटकोनात वळून रस्त्याच्या कडेकडेनं आणखी पंधरा फूट. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. आकृती सुंदर झाली होती. मी ती रंगीत पेन्सिलींनी काढली होती, हे इथं कबूल करते.

आकृती पाहून भुपेंद्र एवढंच म्हणाला, "आणि माझी गाडी?"

त्याच संध्याकाळी परसरामजी आले. ते राइस मिलमधून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी फळीवरून चालत ट्रकात तांदळाची पोती चढवली, त्यामुळे उतार या विषयावर गावात त्यांचाच शब्द शेवटचा.

"तीस फूट?" ते म्हणाले. "मॅडम, घरापुढं घाट बांधून राहिल्या का?"

मी एकास बारा सांगितलं.

"आमची फळी आठ फुटांची राहे. तिच्यावरून क्विंटलाचं पोतं घेऊन मी पळत जाओ, पळत!"

"मामाजी पोतं नाहीत, काकाजी."

"म्या कुठं म्हटलं पोतं? पोतं तं जड राह्यते." मग आवाज खाली आणून, "अवो, सहा फुटांचा सीधा रपटा टाका, दोघं मागून धरतीन, दोघं पुढून. झालं."

म्हणजे पुन्हा चार. मी त्यांना चहा दिला. वादात हरल्यासारखं वाटलं की मी चहा देते. त्या वर्षी आमच्याकडे चहापत्ती खूप लागली.

सल्ला देणारे परसरामजी एकटे नव्हते. कोणी म्हणालं लिफ्ट लावा. कोणी म्हणालं घरच खाली घ्या. एका बाईंनी सांगितलं की अमुक गावच्या वैद्याकडे तेल मिळतं, तीन महिन्यांत माणूस चालायला लागतो, मग हा खर्च वायाच ना! शाळेत मुलांना बातमी लागली. घटक चाचणीत 'उतरण या साध्या यंत्राचं दैनंदिन जीवनातील एक उदाहरण द्या' या प्रश्नाला चौदा मुलांनी 'मॅडमच्या घरचा घाट' असं उत्तर लिहिलं. उतरण अजून बांधलीही नव्हती. उत्तर बरोबर असल्यानं मला पूर्ण गुण द्यावे लागले.

घरातला विरोध मात्र विनोदी नव्हता. चबुतऱ्याच्या जागी तुळस होती. सासूबाईंनी तीन दिवस विचार करून ती हलवू दिली. पण दाराच्या सागवानी उंबरठ्यावर त्या अडून बसल्या. उंबरठा चार इंच उंच. खुर्चीचं पुढचं चाक तो ओलांडूच शकत नाही. मी म्हटलं, आई, तेवढा कापून घेऊ.

"उंबरठा तोडशील तं लक्ष्मी कोणत्या रस्त्यानं येईन?"

लक्ष्मी दोन पायांवर येते, हे गृहीतक आहे, असं माझ्या मनात आलं. शेवटी सुताराकडून सागाच्या दोन लांब पाचरी करून घेतल्या, आत एक, बाहेर एक. उंबरठा कायम राहिला आणि अडसरही उरला नाही. सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून पाचरींनाही हळदकुंकू लावायला सुरुवात केली. पुढं खुर्ची आल्यावर तिच्या चाकांनी घरभर दोन समांतर लाल रेघा उमटत. ती खुर्ची आम्हाला एका शिबिरात मिळाली. शिबिर पहिल्या मजल्यावर होतं, एवढंच सांगते.

बांधकामाला खुशाल मिस्त्री लावला. खुशाल चांगला कारागीर आणि मनानं उदार माणूस. हे दोन्ही गुण मला फार महागात पडले. पहिल्या दिवशी त्यानं पायऱ्या फोडल्या. ओसरीत खाटेवर बसलेले मामाजी ते पाहत होते. पाचही पायऱ्या त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतल्या होत्या. पाचवी फुटली तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि मग उघडून मला विचारलं, "किती दिवस?" त्यानंतर रोज मी शाळेतून आले की हाच प्रश्न. पूर्ण वाक्य त्यांना जमत नसे. "किती?" एवढंच. मी झालेले फूट सांगायची. सहा. अकरा. पंधरा.

उतार पाणपातळीच्या नळीनं मी रोज तपासायची. एकदा खुशालनं पहिला टप्पा दोन फूट आखूड केला. का, विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुमचं सिमेंट वाचवून राहिलो." ते फोडून पुन्हा केलं. पण खरा घोटाळा शेवटच्या दिवशी झाला. पृष्ठभाग खरबरीत ठेव, ओल्या सिमेंटवर केरसुणी ओढ, असं मी त्याला तीनदा सांगितलं होतं. मी शाळेत गेले, आणि खुशालच्या मनात उदारपणा दाटून आला. सोमाजीबाबांसाठी होऊन राहिलं, तर काम मन लावून झालं पाहिजे. त्यानं वरून निव्वळ सिमेंट टाकून तीस फूट घोटून घोटून काचेसारखं केलं. मी घरी आले तेव्हा उतारात शेजारच्या घराचं प्रतिबिंब दिसत होतं. पायथ्याशी त्यानं बोटानं स्वतःचं नाव आणि तारीख कोरली होती.

"पाहा," तो म्हणाला, "देवळात नसन अशी फरशी."

घर्षण या विषयावर मी त्याला काय सांगणार होते? मी चप्पल घालून वर पाऊल ठेवलं आणि प्रात्यक्षिक आपोआप झालं. परसरामजींनी मला उचललं. पोतं उचलण्याचा त्यांना अनुभव होता. पुढचा आठवडा खुशालनं छिन्नी घेऊन पूर्ण उताराला टोचे मारण्यात घालवला, आणि त्या आठवड्यात तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. त्याचं नाव मात्र मी टोचू दिलं नाही. इतका दुःखी माणूस आणखी दुःखी करायची माझी तयारी नव्हती.

मग चाचणी. खुर्चीत आधी माणूस बसवणं मला योग्य वाटेना. मामाजींच्या वजनाएवढं धान एका पोत्यात मोजून भरलं, पोतं खुर्चीत बसवलं, दोरीनं बांधलं आणि मी ते वर-खाली नेऊ लागले. गल्ली बाहेर आली. परसरामजी कठड्याला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

"शेवटी पोतंच बसवलं ना, मॅडम!"

उतार उत्तम होता.

मंडईला पंधरा दिवस उरले होते. आणि ग्रामपंचायतीनं नाली खोदायला काढली.

नाली म्हणजे रस्त्याच्या कडेनं, प्रत्येक घराच्या समोरून, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल. प्रत्येक घराला दारासमोर नालीवर एक सिमेंटचा स्लॅब मिळणार होता. आमचाही आला. तो त्यांनी जुन्या फाटकासमोर टाकला. तिथं आता चबुतऱ्याची भिंत होती. नवं फाटक वीस फूट पलीकडे, उताराच्या पायथ्याशी, आणि तिथं उघडी नाली. म्हणजे स्लॅबवरून भिंतीत जाता येत होतं आणि फाटकातून नालीत.

मी पंचायतीत गेले. पंचायतीच्या इमारतीला दिव्यांगांसाठी उतार आहे. तो एकास चार आहे. मी पावलांनी मोजला. त्यावर कुणी खुर्ची नेऊ नये म्हणून असेल, माथ्यावर तीन कुंड्या आणि एक निकामी पाण्याची टाकी ठेवलेली आहे. सचिव साहेब सभ्य माणूस. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं.

"मॅडम, आपल्या रेकॉर्डला तुमचं फाटक मधोमध आहे."

"ते हलवलं आहे."

"रेकॉर्डला नाई हललं."

"पण साहेब, तुम्ही रोज आमच्या घरावरून येता-जाता. फाटक तुम्हाला दिसतं."

"मले दिसते," ते कळवळून म्हणाले. "मी नाई म्हणतच नाई. पण मी पाह्यलेलं चालत नाई ना. फाटक बदलाचा अर्ज करा, मासिक सभेत ठेवतो. सभा मंडईच्या नंतर." मग आणखी मदत म्हणून त्यांनी हळूच सांगितलं की फाटक बदलायचा अर्ज केल्यास विनापरवानगी बांधकामाची नोटीस आधी काढावी लागेल, तर मॅडमनी नीट विचार करावा. मी नीट विचार केला आणि उठले. उतरताना पायऱ्यांनी उतरले. त्या उतारावरून पंचायतीचे लोकही उतरत नाहीत.

त्याच आठवड्यात धानाचा हंगाम जोरात आला. मी एका शनिवारी घरी आले तर उतार सोनेरी होता. वरपासून खालपर्यंत, चबुतऱ्यासकट, परसरामजींचं धान वाळत होतं. हलका कल, पाणी निथळणारा, ऊन दिवसभर, खरबरीत पृष्ठभाग, दोन्ही बाजूंना कठडे. आत ढोरं शिरत नाहीत. धान वाळवायला याहून चांगली जागा मी स्वतः आखली असती तरी मिळाली नसती, आणि ती मी स्वतःच आखली होती.

"म्याच म्हटलं टाका," सासूबाई म्हणाल्या. "आभाळ येऊन राहिलं, बिचाऱ्याचं धान भिजन ना."

धानावरून चाक नेता येत नाही. चाक काय, पाऊलही टाकत नाहीत. लक्ष्मी आहे ती. पाच पायऱ्या फोडलेल्या, त्यामुळे आम्ही चौघं आता घरातच बंद. मी मागच्या दारानं, न्हाणीघराजवळून, कुंपणाच्या तारेखालून शाळेत जाऊ लागले. दोनदा पदर अडकला. मामाजी ओसरीवरून धान पाहत बसत. एकदा मी वाकून तारेखालून निघत असताना त्यांनी मला पाहिलं, आणि लकव्यानंतर पहिल्यांदाच ते हसले, हे मला नक्की कळलं. माझा अपमान कुणाच्या तरी उपयोगी पडला.

मंडईच्या आदल्या दिवशी मी परसरामजींकडे गेले. सगळे आकडे, एकास बारा, घर्षण, काही काढलं नाही. म्हटलं, "काकाजी, उद्या मामाजींना पारावर जायचं आहे."

"सकाळी उचलतो धान," ते म्हणाले. "आणि नालीचं काय करसान?"

"विचार करते आहे."

सकाळी धान उचललेलं होतं, उतार झाडलेला होता, आणि फाटकासमोर नालीवर एक जाड, रुंद लाकडी फळी टाकलेली होती. बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, चिखल सपाट करायची, बैलांमागं ओढायची परसरामजींची फळी. मी तिची लांबी-रुंदी मोजली. पुरत होती. त्यांनी बहुधा न मोजताच आणली होती.

मामाजींची दाढी झाली, धुतलेला सदरा आणि टोपी घातली. साडेदहाला आम्ही निघालो. पाचरींवरून कुंकवाच्या दोन रेघा बाहेर आल्या. पहिला टप्पा मी मागून धरला. चबुतऱ्यावर वळलो. दुसऱ्या टप्प्याच्या तोंडाशी मामाजी म्हणाले, "सोड."

मी सोडलं नाही.

"सोड, उर्वशी."

मी हात काढले. डाव्या हातानं कठडा धरून, थोडं सोडून, पुन्हा धरून, ते एकटे पंधरा फूट उतरले. मी घड्याळ पाहिलं नाही. आयुष्यात एवढीच एक मोजणी मी चुकवली. फाटकापाशी ते थांबले, मागं वळता येत नसल्यानं तसेच समोर पाहत बसले. त्यांचा कान लाल झाला होता.

घरापासून पारापर्यंतचा सहाशे चाळीस मीटरचा रस्ता मी आधीच चालून तपासला होता. कुठं खड्डा, कुठं चढ, सगळं वहीत होतं. पण तपासला होता रिकाम्या दिवशी. मंडईच्या दिवशी मैदानात ट्रॅक्टर आणि मोटारसायकली शिरू नयेत म्हणून समितीनं पहाटेच तोंडाशी गुडघाभर उंच मातीचा बांध घातला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पिंपळ पलीकडे दिसत होता. पारावर माणसं दिसत होती. कोणीतरी हातवारे करून विहिरीची जागा दाखवत होतं.

मी बांधाकडे पाहत असतानाच लोक जमले. प्रेमानंच जमले. "अरे, सोमाजीबाबा आले! या, या! उचला रे!" क्षणात चार माणसं चार बाजूंना वाकली. "कितीसंक वजन हाये, बापा! दोन मिनटात पारावर नेऊन ठेवतो." खुर्ची चार बोटं वर उठलीसुद्धा.

"ठेव," मामाजी म्हणाले.

"अवो, लाजता कायले?"

"ठेव."

त्यांनी ठेवली. मी म्हटलं फावडं मागवू, बांध फोडू. समितीचा माणूस म्हणाला, फोडता येईल, पण अध्यक्षांना विचारावं लागेल, ते दंडारीवाल्यांना आणायला गेले आहेत. मामाजींनी पाराकडे थोडा वेळ पाहिलं आणि डावा हात घराच्या दिशेनं केला.

परतताना मी मनात बांधाची उंची काढत होते. अठरा इंच. म्हणजे अठरा फूट. सात महिने मी घरासमोरचे तीस इंच सोडवत होते, आणि गावभर असे किती इंच पडून होते, ते मी धरलेच नव्हते.

चबुतऱ्यावर आलो तेव्हा ते म्हणाले, "थांब." मी ब्रेक लावले. ऊन अजून सोसवण्यासारखं होतं. तिथून रस्ता दिसतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला तिथं बसलेला माणूस दिसतो. मी आत गेले, कारण मला कुणाशी बोलायचं नव्हतं.

तीनच्या सुमारास भांडणाचे आवाज आले म्हणून बाहेर पाहिलं. शहापूरकडे गाडी पकडायला निघालेली जुन्या गावची माणसं कठड्याबाहेर उभी होती. सहा जण. एकानं कठड्यावर हात आपटून सांगितलं, "कोहळीयच्या विहिरीपासून देऊळ साठ पावलं!" आणि मामाजी अर्ध्या तोंडानं ओरडले, "चाळीस!" बाकीचे कुठं आहेत, असं मी सासूबाईंना विचारलं. बरेच जण यंदा आलेच नव्हते, त्या म्हणाल्या. त्यातल्या तिघांचं कारण कायमचं होतं. सहा माणसांनी मिळून गाव जेमतेम पाव हिस्साच भरलं. गाडीची वेळ झाली तशी ती गेली.

त्यानंतर मामाजी रोज दुपारी चबुतऱ्यावर बसत. न्यायचं, ब्रेक लावायचे, चारला आणायचं. येणारे-जाणारे राम राम करत. परसरामजी कठड्याला टेकून बोलत उभे राहत. उत्तर फारसं मिळत नसे, पण त्यांना त्याची कधी गरजही नव्हती. मार्गशीर्षभर हे चाललं. नोटीस आली तर येवो, म्हणून मी फाटकाचा अर्ज देऊन टाकला होता; मासिक सभा दोनदा झाली. आमचा विषय कोरमअभावी तहकूब झाला, असं कळलं. फळी तशीच राहिली. परसरामजींनी ती मागितली नाही.

पौषात दुसरा झटका आला. दोन दिवसांत, सकाळी आठच्या सुमारास, मामाजी गेले.

आमच्याकडे तिरडी अंगणात बांधतात. अंगणात मी जागा ठेवली नव्हती, म्हणून ओसरीतच बांधली. चौघांनी खांदा दिला. पायऱ्या नव्हत्या, उतारानं निघाले. पहिला टप्पा ठीक गेला. चबुतऱ्यावर आल्यावर ते वळेनात. बांबू साडेसात फुटांचे, चबुतरा पाच फुटांचा, दोन्ही बाजूंना माझे कठडे. पुढचे म्हणत मागं घ्या, मागचे म्हणत पुढं व्हा. एकानं तिरकं करून पाहिलं. गल्ली उभी होती. सगळ्यांना ते दिसत होतं. मी चाकाच्या खुर्चीचं वळण अचूक काढलं होतं. माणूस झोपून जाईल, हे धरलं नव्हतं.

शेवटी त्यांना कठड्यावरून वर उचलून रस्त्यावर घ्यावं लागलं. खाली परसरामजी हात वर करून उभे होते. तीस वर्षं पोती उचललेल्या माणसानं डोक्याकडची बाजू इतक्या हळू खाली घेतली की टोपीसुद्धा हलली नाही. चौघांनी उचलायचं ते एकदाच. त्या दिवशी सहा जण लागले. परसरामजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते म्हणतील, सहा फुटांचा सीधा टाकला असता तर! त्यांनी डोक्याकडचा बांबू खांद्यावर घेतला.

फाल्गुनात एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. ते दारातल्या पायरीवर बसले होते आणि उठायला त्यांना दोन्ही हात लागले. गुडघे गेले होते. पोत्यांचे गुडघे, एक दिवस जाणारच होते.

"मॅडम, तुमचा फीता आणजा."

त्यांचं जोतं बावीस इंच निघालं. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "बावीस फूट लागतील." मी वादाच्या तयारीत होते, चहासुद्धा मनात टाकून ठेवला होता.

"बावीस तं बावीस," ते म्हणाले. अंगणाकडे पाहत राहिले. मग हातानं कोपरा दाखवला. "मोड इथं येईन ना? मोड मोठा ठेवजा. सोमाजीले लै तिरपं करा लागलं. लोकायले तरास नोको." बोटांवर काही हिशेब केला. "मी काही उंच नाई. सात पुरन."

मी वहीत आठ लिहिलं. त्यांनी मान लांबवून पाहिलं.

"आठ कायले? सात म्हटलं ना."

"सातात वळत नाही, काकाजी," मी म्हटलं. "आता मोजलंय मी."